बालगृहातला व्यवसायोपचार : वाचकांचे प्रश्न

बालगृहं, शिशुगृहं आणि अनुरक्षणगृहांतून (अठरा वर्षं पूर्ण करून संस्थेबाहेर पडणाऱ्यांची गृहं) आलेली आठ पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रांतल्या मुलांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ नियतकालिकांनाही तसं बंधन घालतं. शिवाय त्या मुलांना छापून यायचं आहे का, हे त्यांना कुणी विचारलेलं नाही.

प्रश्न : आमच्याकडे व्यवसायोपचार तज्ज्ञ येणार म्हटल्यावर एका विश्वस्तांनी विचारलं, "म्हणजे शिवणयंत्रं घ्यावी लागतील का?" मलाही नीट सांगता आलं नाही.
— अधीक्षक, जि. सोलापूर

शिवणयंत्रं नकोत. घोळ शब्दाचा आहे. व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आणि इथे 'व्यवसाय' म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे, तर माणूस दिवसभर ज्या ज्या गोष्टींत गुंतलेला असतो ते सगळं. मुलाच्या बाबतीत खेळणं, जेवणं, अंघोळ, झोप, शाळा, भांडणं आणि दोस्ती. शरीर, मन किंवा परिस्थिती यांपैकी काही आडवं आलं, तर वाट मोकळी करणं हे या तज्ज्ञाचं काम. कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली या विषयाची शाळा सुरू केली. पाऊणशे वर्षं झाली, तरी नावाचा खुलासा करावाच लागतो.

बालगृहात याची गरज वेगळ्या कारणाने पडते. घरातलं मूल सहज म्हणून कितीतरी कामं करतं. दुकानातून कोथिंबीर आणतं, उरलेले सुटे पैसे मोजतं, चहा सांडला तर फडकं शोधतं. पन्नास मुलांच्या संस्थेत हे सगळं घंटेवर चालतं आणि दुसरंच कुणीतरी करतं. मूल आज्ञाधारक होतं, पण हाताला सवय लागत नाही.

तज्ज्ञ नेमताना महाराष्ट्र राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडची नोंदणी बघा. पंधरा दिवसांचा 'सेन्सरी कोर्स' केलेले लोकही हल्ली याच नावाने येतात.

प्रश्न : आठ वर्षांची मुलगी दोन महिन्यांपूर्वी आली. डोक्यावर पाणी ओतलं की किंचाळते, चावते. चाळीस मुली, चार मोऱ्या आणि साडेसातला शाळेची गाडी. आम्ही दोघी धरून अंघोळ घालतो, पण ते बरोबर वाटत नाही.
— काळजीवाहक, जि. नगर

बरोबर नाहीच, आणि तुम्हाला ते जाणवलं हे बरं झालं. आधी साध्या गोष्टी बघा. कान वाहतोय का, उवांनी खाजवून डोक्यात जखमा झाल्यात का, पाणी फार गरम किंवा गार आहे का? निम्म्या वेळा 'हट्ट' इथेच संपतो.

हे सगळं ठीक असेल, तर दोन शक्यता उरतात. काही मुलांना स्पर्शच सोसत नाही. अशी मुलगी नखं कापताना आणि केस विंचरतानाही रडते, गणवेशाच्या कॉलरवरचं लेबल तिला टोचतं. दुसरी शक्यता अशी की मोरीत, कपडे काढताना किंवा बंद दाराआड तिच्या बाबतीत पूर्वी काहीतरी घडलेलं आहे. ती वेणी शांतपणे घालून घेते, पण कडी लागली की थिजते. दोन्ही एकत्रही असू शकतं. यातलं खरं कोणतं हे तुम्ही ठरवू नका, तिला विचारूही नका. अंघोळीची पद्धत दोन्हींत सारखीच आहे.

तांब्या तिच्याच हातात द्या. वरून पाणी ओतायचं नाही. सुरुवात पावलांपासून, मग गुडघे, हात, पोट, पाठ. बसायला स्टूल ठेवा, उभ्याने तोल सांभाळण्यात तिची निम्मी शक्ती जाते. डोकं रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे, तेही वेगळ्या वेळी. मान पुढे झुकवायची आणि डोळ्यांवर कोरडा नॅपकिन तिने स्वतः धरायचा. अंगावर चड्डी किंवा परकर ठेवायचा असेल तर ठेवू द्या. दार लावायचं की पडदा, हे तिने ठरवायचं आणि कडी तिचा हात पोचेल अशा उंचीवर हवी. तुम्ही बाहेर उभ्या राहून बोलत राहा, म्हणजे तुम्ही कुठे आहात हे तिला कळतं. पुसताना हलकं चोळू नका. ओझरत्या स्पर्शाने अंगावर शहारा येतो, दाबाने अंग शांत होतं. टॉवेल तिनेच गुंडाळून दाबून पुसावा.

आता वेळेचं. चाळीस मुली आणि चार मोऱ्या म्हणजे मोरीमागे दहा. पाच-पाच मिनिटं धरली तरी पन्नास मिनिटं होतात आणि शेवटच्या मुलींना घाई होतेच. या मुलीला रांगेतून काढा आणि तिची अंघोळ संध्याकाळी ठेवा. अंघोळ सकाळीच झाली पाहिजे असा नियम कुठेही नाही, ती फक्त सवय आहे.

गाडी बहुधा रविवारी घसरते. दहा-बारा दिवसांत मुलगी सावरते, मग बदली मावशी येतात, भराभर दोन तांबे ओतून मोकळ्या होतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून ही पद्धत पाच ओळींत लिहून मावशींच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. बाहेरच्या बाजूला नको, बाकीच्या मुली वाचतात. परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर) सांगून तिच्या वैयक्तिक काळजी योजनेतही नोंद करून घ्या.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा उशीखाली पोळ्या लपवतो. मुंग्या होतात, एकदा उंदीर आला. जेवायला भरपूर मिळतं, तरीही.
— गृहमाता, जि. नाशिक

पोट भरलेलं आहे, भरवसा नाही. ज्याने अन्नाची वाट पाहण्यात दिवस काढलेत, त्याला 'भरपूर मिळतं' हे सांगून पटत नाही. पोळ्या जप्त केल्या की लपवण्याची जागा तेवढी बदलते.

घट्ट झाकणाचा छोटा स्टीलचा डबा द्या, त्यावर त्याचं नाव किंवा त्याने निवडलेलं चित्र लावा. आत कोरडं खाणं ठेवा : मुरमुरे, चिक्कीचा तुकडा, दोन बिस्किटं. डबा त्याच्या पलंगापाशी राहील. मावशींनी रोज एका ठरलेल्या वेळी त्याच्यासमोर डबा उघडायचा आणि संपलं असेल तेवढं भरायचं. त्याने सगळं खाल्लं तरी बोलायचं नाही. पहिले काही दिवस डबा रोज रिकामा होईल आणि स्वयंपाकघरातून तक्रार येईल. तेव्हाच डबा बंद केला जातो, आणि नेमकी तीच चूक ठरते. दोन वर्षांच्या लहानग्यांच्या खोलीत मात्र शेंगदाणे, फुटाणे, चिक्की नको, घशात अडकतात.

पंगतीतही एक बदल करा. भाजीचं भांडं दोन-तीन मुलांमध्ये ठेवा आणि पळीने त्यांचं त्यांना वाढून घेऊ द्या. सांडेल. फडकं जवळ ठेवा. डबा कधी काढायचा? काढायचाच नाही. एक दिवस तो स्वतःच त्यात गोट्या ठेवायला लागेल.

प्रश्न : चित्र काढता काढता एका मुलीने आमच्या विद्यार्थिनी थेरपिस्टला घरातल्या अत्याचाराबद्दल काहीतरी सांगितलं. "कुणाला सांगू नका" असंही म्हणाली. पुढे काय?
— समुपदेशक, मुंबई

"सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. "तुला सुरक्षित ठेवायला मला एक-दोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल" असं तिला तिथेच सांगायचं. खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, चित्राचा अर्थ लावायचा नाही. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लगेच लिहून ठेवायचं. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती विशेष बाल पोलिस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणं ज्याला ती कळली त्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. अधीक्षकांच्या कानावर घातलं म्हणजे जबाबदारी संपत नाही. माहिती न देणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मार्गदर्शनासाठी १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. पुढच्या वेळी विद्यार्थिनीने नेहमीसारखंच चित्र काढायला बसावं. सांगितल्यावर ताई यायची बंद झाली, असं मुलीला वाटू नये.

प्रश्न : एक देणगीदार 'सेन्सरी रूम'साठी तीन लाख देत आहेत. काय काय घ्यावं?
— विश्वस्त, पुणे

स्पर्श, आवाज, उजेड यांचे अनुभव देणारी अशी वेगळी खोली नको. अशा खोल्यांचं पुढे काय होतं हे ठरलेलं आहे : पाहुण्यांना दाखवायची खोली, किल्ली कार्यालयात, आणि वर्षभराने दंगा करणाऱ्या मुलाला बसवायची जागा. हे शेवटचं तर सरळसरळ शिक्षाच आहे.

पैसे मुलांच्या रोजच्या जागेत घाला. प्रत्येकाला स्वतःचं कुलूपबंद कपाट आणि किल्ली. पलंगांमध्ये पडदे. जेवणघरात स्टीलच्या ताटांचा खणखणाट कमी व्हावा म्हणून टेबलांवर रबराचे मॅट. निजायच्या खोलीत ट्यूबलाइटऐवजी मंद पिवळा दिवा, म्हणजे रात्री मोरीकडे जाणाऱ्याला अंधारात चाचपडावं लागणार नाही. अंथरूण ओलं होण्याचे प्रसंगही याने काही अंशी कमी होतात. अंगणात जुने टायर, चढायला दोराची जाळी, वाळूचा खड्डा आणि त्याला रात्री झाकण, नाहीतर मांजरं येतात.

झोका जरूर बांधा, पण पंख्याच्या हुकाला कधीही नाही. पंखा चार-पाच किलोचा असतो. चाळीस किलोचा मुलगा उंच झोका घेतो तेव्हा खालच्या टोकाला दोरावरचा ताण त्याच्या वजनाच्या तिप्पट, म्हणजे १२० किलोपर्यंत जाऊ शकतो, आणि मुलं दोघं-दोघं बसतात हे धरून चाला. आरसीसी तुळईत अँकर बोल्ट बसवून घ्या, जुन्या इमारतीत आधी अभियंत्याला दाखवा. दोर आणि कड्या दर आठवड्याला एका ठरलेल्या माणसाने तपासायच्या.

वजनदार ब्लँकेटची यादीही तुम्ही जोडली आहे. तान्ह्या मुलांजवळ ती अजिबात नको. मोठ्यांनाही, ज्याला ती स्वतः बाजूला टाकता येत नाही त्याला द्यायची नाही. फिट येणाऱ्या किंवा दम्याच्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आपली जाड गोधडी बरी. अंगावर भार येतो, लाथेने बाजूला सारता येते आणि धुताही येते.

आणखी एक. जड कामाने काही चंचल मुलं शांत होतात हे खरं आहे. सतरंज्या उचलणं, अर्धी बादली नेऊन झाडांना पाणी घालणं, भिंत ढकलण्याचा खेळ. पण 'थेरपी' म्हणून मुलाकडून संडास धुऊन घेतल्याच्या कहाण्याही ऐकू येतात. कसोटी सोपी आहे : मुलाला 'नको' म्हणता येतं का, आणि ते म्हटल्यावर काही बिघडत नाही ना? नाही म्हणता येत नसेल, तर ती वेठबिगारी झाली.

प्रश्न : शिशुगृहात दहा महिन्यांचं बाळ अजून बसत नाही. वॉकर घ्यावा का?
— परिचारिका, नागपूर

वॉकर नको. त्यात बाळ पडतं आणि पाय वापरायची सवय उलट बिघडते. बहुतेक बाळं नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसतात, म्हणजे इथे लक्ष द्यायला हवं. पण आधी त्याचा दिवस मोजा : पाळण्यात किती तास, जमिनीवर किती, कुणाच्या मांडीवर किती? बावीस तास पाळण्यात असेल तर मान आणि पाठ तयार होणार कशी? डोक्याची मागची बाजू चपटी झाली आहे का बघा, ती बरंच सांगते.

मऊ गादी काढून चटईवर सतरंजी घाला. जागं असताना दिवसातून पाच-सहा वेळा, तीन-चार मिनिटांपासून सुरुवात करून पालथं ठेवा, आणि समोर खेळण्याऐवजी माणसाचा चेहरा हवा. दूध मांडीवर, पाठ उचलून पाजा. बाटली उशीला टेकवून बाळ एकटं सोडलं की ठसका लागतो, कान फुटतात आणि चेहरा बघण्याची वेळही जाते. शक्यतो दोनच मावशींनी त्याचं सगळं करावं. तेल लावणं घाईत उरकू नका, तेवढीच अर्धा तास बोलण्याची संधी असते.

अंग कडक किंवा फारच सैल वाटत असेल, एकच हात वापरत असेल, मान अजून धरत नसेल, तर वाट न पाहता जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्या.

प्रश्न : मी नुकतीच पदवी घेतली. एका बालगृहात महिन्यातून दोनदा, दोन-दोन तास जाते. मुलं पंचेचाळीस. चाचण्या लावल्या तर जवळजवळ सगळीच 'मागे' दिसतात.
— व्यवसायोपचारक, जि. ठाणे

चाचणीतले गुण वयाच्या तक्त्याशी ताडले जातात, आणि इथे वयच अंदाजाने लिहिलेलं असतं. कागद नसले की हाडांच्या तपासणीवरून वय ठरतं, त्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. फाइलमध्ये जन्मतारीख १ जून दिसली की तर हमखास सावध व्हा. त्यावर भाषेचा प्रश्न. मूल घरी पारधी किंवा बंगाली बोलत असेल, तर मराठी सूचना न कळणं म्हणजे मंदपणा नव्हे.

म्हणून गुणांऐवजी कामं नोंदवा. बटण लावतो का, किती मदतीने? पाटीवरून वहीत किती शब्द उतरवतो? 'लेखन-कौशल्य कमी' लिहून कुणालाच काही करता येत नाही. 'चार ओळींनंतर हात दुखतो, पेन्सिल मुठीत धरतो, जाड पेन्सिलने आठ ओळी लिहितो' असं लिहिलं की शिक्षिका उद्यापासून जाड पेन्सिल देतील. ज्याच्या हातात कधी पेन्सिलच आली नाही, त्याला आधी सहा-आठ आठवडे माती, कात्री, वाटाणे सोलणं, पाटी-पेन्सिल द्या आणि मग बघा. संधी न मिळणं वेगळं, जमत नसणं वेगळं. घाईने लावलेला शिक्का मात्र मुलाने कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीच्या कागदांत वर्षानुवर्षं राहतो.

चार तासांत पंचेचाळीस मुलं एकेक करून होणार नाहीत, तो नाद सोडा. पहिल्या दोन भेटी नुसत्या बसून काढा : एक जेवणाच्या वेळी, एक शाळेतून आल्यावर. तिसरी मावशींबरोबर. त्या दिवसाचे चोवीस तास तिथे असतात, त्यांनी एक सवय बदलली तर तुमच्या दहा सत्रांइतकं काम होतं. मग पाच-सहा मुलांचा एक गट घ्या. आणि पहिल्याच दिवशी शेवटची तारीख सांगा, कॅलेंडरवर खूण करा. या मुलांनी न सांगता निघून गेलेली माणसं भरपूर पाहिली आहेत, त्यांत भर नको.

प्रश्न : आमच्या दोन मुली सात महिन्यांत अठरा पूर्ण करतील. अभ्यासात बऱ्या आहेत, पण एकीला गॅस पेटवायची भीती वाटते. आता काय शिकवावं?
— अधीक्षिका, जि. कोल्हापूर

उशीर झालाय, ही सुरुवात पंधराव्या वर्षी हवी. तरी सात महिने कमी नाहीत. अनुरक्षणाची सोय एकवीस वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून तेविसापर्यंत मिळू शकते, त्याचे अर्ज आजच सुरू करा. आधार, बँक पासबुक, शाळेचे दाखले आणि पात्र असतील तर अनाथ प्रमाणपत्र (राज्यातलं एक टक्का आरक्षण त्यावरच मिळतं) एका फाइलमध्ये घालून ती फाइल मुलींच्या ताब्यात द्या. हरवतील ही भीती असेल, तर झेरॉक्स कार्यालयात ठेवा.

गॅसची भीती नवलाची नाही, स्वयंपाकघर मुलांना बंदच असतं. कुकरचा भात घ्या. आधी नुसतं पाहणं : रिंग बसली का, शिट्टीचं भोक मोकळं आहे का. मग गॅस न पेटवता रेग्युलेटर लावणं-काढणं, दहा वेळा. मग लायटर आधी आणि बटण नंतर, तुम्ही शेजारी. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, ही एकच गोष्ट रागावून सांगायला हरकत नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही आणि बाहेर जाऊन १९०६ ला, म्हणजे गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, फोन. मदत अशी कमी करत न्या : आधी हात, मग शब्द, मग नुसती हजेरी, शेवटी तुम्ही दुसऱ्या खोलीत. पायरी गाळली की मुलगी एकदा भाजते आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही.

पैशांसाठी दर आठवड्याला दोनशे रुपये खरे द्या, 'खेळातले' नकोत. पहिले दोन आठवडे हिशेब मागू नका. बुधवारी संपतील, गुरुवारी साबण नसेल. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःच विचारेल. एसटीचा प्रवास एकदा बरोबर, एकदा मागच्या सीटवरून, एकदा एकटीने आणि पोचल्यावर फोन.

सगळ्यात अवघड काय, तर उठणं. बारा वर्षं घंटेने उठलेल्या मुलीला स्वतःहून जाग येत नाही, आणि नोकरी सुटण्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. दोघींना गजराचं घड्याळ घेऊन द्या आणि कर्मचाऱ्यांना सक्त सांगा की या दोघींना कुणी हाक मारायची नाही, घंटेच्या आवाजापासून लांबची खोली द्या. पहिल्या आठवड्यात कॉलेजची बस चुकेल. चुकू द्या. रविवारी तीन तास कोणताही कार्यक्रम ठेवू नका, त्यांचं त्यांना ठरवू द्या. पहिल्या रविवारी त्या बहुतेक झोपून राहतील, दुसऱ्या रविवारी येऊन विचारतील, "मॅडम, आता काय करू?" तेव्हा काम सांगू नका. "तुला काय करावंसं वाटतंय?" एवढंच विचारा आणि उत्तर यायला वेळ द्या.